मिनिटवाली

आमच्या शहरात पाऊस पडत नाही. जून उजाडला की समुद्रावरून धुके चढते आणि पुढचे चार महिने ते गच्च्यांवर, तारांवर, माणसांच्या पापण्यांवर बसून राहते. लिमाच्या त्या आभाळाला आम्ही गाढवाचे पोट म्हणतो. तसेच मळकट पांढरे, तसेच खाली लोंबणारे. त्या पोटाखाली, औषधांच्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या कोपऱ्यावर, ग्रिमानेसा बावीस वर्षे उभी होती. हातात वही, वहीवर प्लास्टिकचा कागद, कानामागे शिसपेन्सिल. शाई त्या दमट हवेत पसरते. आकड्यांना पाय फुटतात आणि ते पानभर चालत जातात. शिसे मात्र जिथे ठेवावे तिथे राहते.

डोंगरपायथ्याच्या वस्त्यांतून बंदराकडे जाणाऱ्या हिरव्या पट्ट्याच्या बसगाड्या तिच्या समोरून जात. गाडी गेली की ती तिचा क्रमांक आणि वेळ टिपून ठेवी. मागून त्याच मार्गाची दुसरी गाडी आली की दारात लोंबकळणारा कंडक्टर ओरडे, "मिनिट!" आणि ग्रिमानेसा वहीतून मान वर न करता सांगे, "सेहेचाळीस, चार मिनिटं, अर्धी रिकामी." तिच्या तळव्यावर एक नाणे पडे आणि गाडी पांढरेपणात विरून जाई. सारा रस्ता तिला मिनिटवाली म्हणत असे. तिचे खरे नाव ठाऊक असलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती.

एवढ्याशा त्या शब्दावर पुढच्या तासाची चाल ठरत असे. या मार्गावर पगार कोणालाच नव्हता. जितकी माणसे चढतील तितकी चालकाची मिळकत. पुढची गाडी नऊ मिनिटांवर असेल तर थांब्याथांब्यावर माणसे पुन्हा साचलेली असणार, मग चालक पाय सैल सोडून डुलत डुलत जाई. ती दोनच मिनिटांवर असेल तर तिने रस्ता झाडून नेलेला. मग तिला गाठून मागे टाकण्यावाचून गत्यंतर नसे. नऊ म्हणजे चाल. दोन म्हणजे धाव.

गाड्या दिसण्याआधी तिला ऐकू येत. कोणाचा क्लच खोकतो, कोणाच्या दाराचे बिजागर रडते, कोणाच्या गिअरला दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना उंबरठा लागतो, हे सारे तिला अंधाराइतक्याच दाट त्या उजेडात नुसत्या कानांनी कळे. धुक्यात डोळे निकामी होतात. तिने ते केव्हाच वहीपुरते राखून ठेवले होते.

अकरा वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी चौतीस क्रमांकाची गाडी आली होती. ती तिचा नवरा तेओदोसियो चालवत असे. कंडक्टरने विचारले, तिने वही पाहिली आणि जे होते ते सांगितले: दोन. तेओदोसियोने रोजच्यासारखी खिडकीतून शीळ घातली. गाडीने दुसरा गिअर घेतला, त्यापाठोपाठ तिसरा. पुढे साबणाच्या कारखान्याच्या भिंतीपाशी रस्ता डावीकडे वळतो. त्याची गाडी वळली नाही. आत पाचच उतारू होते, ते वाचले. पुढच्या कोपऱ्यावर, मासळी बाजारापाशी, याच मार्गाच्या वेळा लिहिणारा म्हातारा सातुर्निनो बसत असे; त्याच्या वहीत त्या दिवशी चौतीससमोरची जागा कोरी राहिली.

पोलिसांनी वेगाला दोष दिला, शेजाऱ्यांनी नशिबाला. ग्रिमानेसाने कोणालाच काही सांगितले नाही. तिला एवढेच माहीत होते की तो आकडा खरा होता, आणि तो तिने दिला होता. त्यानंतर त्या भिंतीच्या पलीकडे ती कधी गेली नाही. बंदर, मासळी बाजार, समुद्र हे सारे तिच्यासाठी एका वळणामागचे ऐकीव प्रांत होऊन गेले.

या मार्चमध्ये तिच्या मुलाने, एदिल्बेर्तोने, अठ्ठावन्न क्रमांकाची गाडी हाती घेतली. घरी तो बेतो. सव्वीस वर्षांचा, कमी बोलणारा, बापाच्याच रुंद मनगटांचा. तिने त्याला आधी सुतारकामाला लावून पाहिले, मग बेकरीत. पण पाणी उताराला लागावे तसा तो फिरून त्याच रस्त्याला लागला. पहिल्या सकाळी अठ्ठावन्न तिच्यासमोर आली तेव्हा सेहेचाळीस नुकतीच गेली होती. दारात सोराइदा होती, बेतोची कंडक्टर.

"मिनिट, मावशी!"

वहीत दोन होते. ग्रिमानेसाच्या तोंडून निघाले, "नऊ."

बावीस वर्षांतले ते पहिले खोटे. ते इतक्या सहज निघाले की तिला स्वतःलाच कोणीतरी मागून बोलल्यासारखे वाटले. अठ्ठावन्नने दुसरा गिअर घेतला आणि ती त्यातच राहिली. पाण्यावर सोडलेल्या दिव्यासारखी तिची मागची तांबडी बत्ती हळूहळू दूर गेली. ग्रिमानेसाने वहीत खरी वेळ लिहिली. वहीशी ती कधी खोटे बोलली नाही.

मग ते रोजचेच झाले. इतरांना खरे, अठ्ठावन्नला आठ किंवा नऊ. एप्रिल गेला, मे गेला, गाढवाचे पोट खाली आले. ऑगस्टमध्ये सोराइदाच्या हाकेतली साखर संपली.

"मावशी, तुमची ही नऊ मिनिटं कुठं उगवतात हो? आम्हाला तर थांब्यावर कुत्रंसुद्धा भेटत नाही."

"धुकं आहे. लोक उशिरा निघतात."

"धुकं काय अठ्ठावन्नपुरतंच पडतं? सेहेचाळीसमध्ये माणसं एकमेकांच्या मांडीवर बसून चाललीयत."

"तू ओरडत नसशील नीट."

"मी? माझ्या ओरडण्यानं बंदरातली जहाजं वळून बघतात, मावशी."

स्टिअरिंगमागून बेतो फक्त म्हणाला, "नऊ ना, आई? बरं." आणि गाडी हलकेच निघाली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. काचेवरच्या ओलीमागे तो जुन्या फोटोतल्या माणसासारखा दिसत होता. ओळखीचा, आणि हाताला न लागणारा.

त्या गुरुवारी दुपारी सातुर्निनो परतीच्या गाडीने तिच्या कोपऱ्यावर आला. तो बेतोचा धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या दिवशी पोर त्याच्याच हातात होते. म्हणून ती दोघे एकमेकांना कोमाद्रे, कोम्पाद्रे म्हणत. जवस आणि सातूचा गरम काढा विकणारी हातगाडी पलीकडे उभी होती. त्याने दोन पेले आणले, एक तिला दिला, आणि काखेतली वही काढून गुडघ्यावर ठेवली.

"कोमाद्रे, तुझं घड्याळ बिघडलंय का?"

"नाही."

"मग माझं बिघडलं असेल. म्हातारं झालंय बिचारं, मालकासारखंच." त्याने पेल्यावर फुंकर घातली. "ती सोराइदा रोज माझ्यापुढं बोंबलते, मिनिटवालीनं नऊ सांगितले म्हणून. आणि माझ्याकडं गाडी येते तेव्हा पुढची असते तीन मिनिटांवर. मधल्या रस्त्यात सहा मिनिटं कोण खातं?"

"ती पोरगी बोंबलतेच."

"ती बोंबलते. वही बोंबलत नाही."

ग्रिमानेसाने काढ्याचा घोट घेतला. तो फार गरम होता, तरी तिने तो तोंडात धरून ठेवला.

"आपल्याकडं दुसरं काय आहे, कोमाद्रे?" सातुर्निनो हळू आवाजात म्हणाला. "ना गाडी, ना दुकान. एक शब्द आहे. लोक त्यावर पाय ठेवून पुढं जातात."

"एकदा ठेवला होता पाय," ती म्हणाली.

त्याने गुडघ्यावरची वही मिटली. एक गाडी आली, कंडक्टर ओरडला, तिने आकडा दिला, गाडी गेली. मग सातुर्निनोने पेला पालथा करून झटकला.

"तुला बेतो बोलला नसेल. गाडीच्या मालकानं त्याला शनिवारपर्यंतची मुदत दिलीय. शनिवारीही गाडी अशीच रिकामी फिरली तर संध्याकाळी किल्ली ठेवून जायचं."

"नाही बोलला."

"नाहीच बोलायचा. बापावर गेलाय."

"बापावर जाऊ नये म्हणून तर," ग्रिमानेसा म्हणाली, आणि वाक्य तसेच अर्धे ठेवून तिने कानामागची पेन्सिल काढली.

शुक्रवारी संध्याकाळी डोंगरउतारावरच्या पिवळ्या रंगाच्या पायऱ्या चढून बेतो वर घरी आला तेव्हा खाली शहराचे दिवे दुधात बुडाल्यासारखे दिसत होते. तिने बटाट्याचे सूप वाढले, रताळ्याचे काप घातलेला पाव पुढे ठेवला. तो जेवू लागला. ती जेवली नाही.

"तुझी गाडी जाणार हे मला बाहेरून कळावं?"

"सातुर्निनोकाकांच्या पोटात काही राहत नाही."

"त्यांच्या पोटाचं सोड. बेतो, मी तुला खोटे आकडे देत आले. पहिल्या दिवसापासून."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे." त्याने खिशातून फोन काढून वाडग्याशेजारी ठेवला. काचेवर शहराचा नकाशा उजळला आणि त्यावर हिरवे ठिपके. काही सरकत होते, काही आगाराशी निजलेले. "ह्या आपल्या मार्गाच्या गाड्या. कोण कुठं, किती पुढं, सगळं दिसतं. वर्ष झालं, सगळ्यांकडं आहे हे."

ग्रिमानेसा त्या ठिपक्यांकडे पाहत राहिली. त्यांना आवाज नव्हता. बिजागर नव्हते, खोकला नव्हता.

"मग मला कशाला विचारतात?"

"गाडी कुठं आहे ते हा सांगतो. भरलीय का रिकामी, ते ह्याला कळत नाही. आणि म्हाताऱ्यांचा ह्याच्यावर विश्वास नाही. बासष्टचे लाउरेआनोकाका म्हणतात, जे यंत्र काढा पीत नाही त्याचं काय ऐकायचं."

"आणि तू? तुला तर सगळं दिसत होतं."

त्याने पावाचा तुकडा सुपात बुडवला आणि तो तिथेच विसरला.

"मी हा खिशात बंद ठेवायचो. तू नऊ म्हणालीस की मला खरंच नऊ दिसायचे, आई. पुढं धुकं, आणि धुक्यात कोणीच नाही. शहर असं, जसं अजून कोणी जागंच झालं नाही. मी त्यातनं जायचो. मागं सोराइदा शिव्या द्यायची, मालकाचा फोन वाजायचा, पण त्या नऊ मिनिटांत कोणाचा आवाज पोचायचा नाही. लहानपणी तू मला शाल गुंडाळून कोपऱ्यावरच्या खोक्यात बसवायचीस ना, गाड्या जायच्या आणि मला नुसती त्यांची ऊब लागायची. तसं."

तिने तो फोन उचलून पालथा ठेवला.

"पण उद्या खरं सांग," तो म्हणाला.

"का?"

"खोट्या आकड्यावर हळू गेलो तर ते तुझं हळू जाणं. मला माझं बघायचंय. बाबांनी जे ऐकलं ते ऐकून मी काय करतो ते."

"आणि धावलास तर?"

बेतोने बुडालेला तुकडा चमच्याने बाहेर काढला. तो पार विरघळला होता.

"म्हटलं ना, बघायचंय."

शनिवारची सकाळ नेहमीपेक्षा पांढरी उगवली. रस्त्याचा पलीकडचा काठ नव्हता. काढेवालीची गाडी नव्हती, फक्त जवसाचा वास होता. सहा अठ्ठेचाळीसला सेहेचाळीस क्रमांक गेला, खच्चून भरलेला. ग्रिमानेसाने वेळ लिहिली. पेन्सिल कानामागे परत गेली आणि थोड्याच वेळात तिला अठ्ठावन्नचा सैल पत्रा ऐकू आला. दूरच्या देवळात कोणी घंटेला नुसते बोट लावावे तसा. तिने घड्याळ पाहिले. सहा पन्नास.

दोन.

रस्त्याला स्मरण असते की काय कोण जाणे. तेच अंतर, तीच घटका. गाडी तिच्यासमोर थांबली. सोराइदा आज ओरडली नाही. तिलाही ठाऊक असावे.

"मिनिट, मावशी," ती हळूच म्हणाली.

ग्रिमानेसाच्या जिभेवर नऊ तयार होते. सहा महिन्यांच्या सरावाने गुळगुळीत झालेले, नदीतल्या गोट्यासारखे. तिने ते गिळले.

"सेहेचाळीस. दोन मिनिटं. भरलेली."

खिडकीतून बेतोने तिच्याकडे पाहिले. मग त्याने शीळ घातली. त्याने यापूर्वी कधी शीळ घातली नव्हती. ती त्याला येते हेही तिला माहीत नव्हते. गाडी निघाली. पहिला गिअर. दुसरा. ग्रिमानेसा पदपथाच्या कडेपर्यंत गेली, मान पुढे काढून, डोळे मिटून. तिसरा कधी पडतो, एवढेच तिला ऐकायचे होते. त्याच वेळी पाण्याचा एक टँकर धडधडत मधून गेला आणि त्याच्या गर्जनेत सगळे बुडाले. तो गेल्यावर कानांपुढे फक्त पांढरे उरले.

ती तशीच उभी राहिली. पाच मिनिटांनी बासष्ट आली, लाउरेआनोची. कंडक्टरने विचारले. ती म्हणाली, "अठ्ठावन्न, पाच मिनिटं, रिकामी," आणि नाण्यासाठी हात पुढे करण्याऐवजी तिने दाराची दांडी धरली आणि ती आत चढली.

लाउरेआनोने आरशातून पाहिले. जाडजूड माणूस, मांडीवर रुमाल, रुमालावर खारे मक्याचे दाणे.

"मिनिटवाली? कोपरा सोडून? अरे, आज भूकंप होतोय बरं का, सगळ्यांनी दांड्या धरा."

"चालव तू," ग्रिमानेसा म्हणाली आणि दारालगतच्या बाकावर बसली.

तिने मनात हिशेब मांडला. हिशेब साधा होता. ती बेतोच्या मागे पाच मिनिटे होती. बाजाराच्या कोपऱ्यावर सातुर्निनो या गाडीला अठ्ठावन्नचे अंतर सांगेल. तो पाचाहून अधिक म्हणाला, तर बेतो धावला. पाच किंवा कमी म्हणाला, तर नाही. आणि त्याने अठ्ठावन्नचे नावच घेतले नाही, तर. त्या तरच्या पलीकडे तिने मनाला जाऊ दिले नाही. आयुष्यभर तिने आकडे दिले होते. एका आकड्याकडे जाणे असे असते, हे तिला आज कळत होते: रस्ता दोन्ही बाजूंनी मिटलेला.

काचांमागे शहर उलगडत नव्हते, नुसते सुचत होते. एखादा खांब जवळ येई, माणसासारखा उभा राही आणि विचार बदलल्यासारखा मागे जाई. झाडाचा बुंधा दिसे, झाड नसे. एका थांब्यावर एक बाई कडेवरच्या कोंबडीसह चढली, तिच्या शालीवर थेंबांची बारीक जाळी होती. ती बसली तिथेच डोळे मिटून निजली, आणि कोंबडी मात्र जागी राहून ग्रिमानेसाकडे टक लावून पाहू लागली. लाउरेआनो पाचाच्या चालीने चालवत होता, ना रेंगाळत ना ओढत. एक दाणा तोंडात टाकावा, एक गिअर बदलावा.

मग साबणाचा वास आला. अकरा वर्षांपूर्वी तेओदोसियोच्या सदऱ्याला येई, तोच. ग्रिमानेसाने बाकाची कड धरली. उजव्या हाताला भिंत प्रकट झाली, लांब, ओली, कुठल्याशा निवडणुकीतल्या नावांची अर्धी पुसलेली अक्षरे अंगावर घेतलेली. वळणावर गुडघ्याएवढा एक लोखंडी क्रूस होता. त्याला कोणीतरी अलीकडेच निळा रंग दिला होता, खाली बाटलीत प्लास्टिकची फुले होती. ती तिने ठेवलेली नव्हती. गाडी वळली, अगदी साधेपणाने, कूस बदलावी तशी. रस्त्यावर काच नव्हती, माणसे नव्हती. वळण रिकामे होते. ग्रिमानेसाने श्वास सोडला, पण सगळा नाही. रस्त्याला वळणे पुष्कळ असतात.

बाजाराचा कोपरा आला तो आधी वासाने, मग आरोळ्यांनी. एका छत्रीखाली, स्टुलावर, वहीत वाकलेला सातुर्निनो दिसला. कंडक्टर दारात लोंबकळला.

"मिनिट!"

सातुर्निनोने मान वर केली नाही. "अठ्ठावन्न. तीन मिनिटं. थोडी माणसं चढतायत."

तीन.

मोठ्या आकड्यांवर आजवर तिने माया केली होती. तीन इतका मऊ असतो हे तिला ठाऊक नव्हते. मुलगा दोन मिनिटे मागे पडला होता. दोन ऐकून, शीळ घालून, तो थांब्याथांब्यावर माणसांची वाट पाहत गेला होता. ती बाकावर तशीच बसून राहिली आणि क्षणभर तिला वाटले, हे असेच चालू राहावे, ही गाडी, ही झोपलेली बाई, ही कोंबडी.

"तीन!" लाउरेआनो म्हणाला. त्याने मांडीवरचा रुमाल दाण्यांसकट बाजूला ठेवला आणि पाठ सरळ केली. "तोंडाशी आलेला घास आहे हा. पुलाच्या आधी टाकतो मागं. धरून बसा, मंडळी."

ग्रिमानेसाने त्याच्या पायाकडे पाहिले. खरा आकडा पुन्हा आपले काम करू लागला होता. पोराच्या संथपणामागे ही अवजड गाडी सुटणार, तो आरशात तिला पाहणार, कदाचित तोही धावणार, आणि पुढे पूल होता. माझा मुलगा आहे म्हणावे, तर या रस्त्यावर प्रत्येक चालक कोणाचा तरी मुलगा होता. आकडा खोटा करावा, तर तो सातुर्निनोच्या तोंडून निघून गेला होता.

"मी उतरते," ती म्हणाली.

"मग पटकन, मावशी."

ती उठली. वही बाकावर राहिली, म्हणून पुन्हा वळली. वही घेताना कानामागची पेन्सिल पडली आणि घरंगळत कोंबडीपाशी गेली. ती खाली वाकली. गुडघे अकरा वर्षांचे नव्हते, एकसष्ट वर्षांचे होते; त्यांनी आपला सगळा वेळ घेतला. मागून एक माणूस म्हणाला, "बाई, आज उतरणार का सोमवारी?"

"सोमवारी सुट्टी आहे का तुम्हाला?" ती म्हणाली. "मग हात द्या की जरा."

त्याला हात द्यावा लागला. ती दाराशी आली, पहिल्या पायरीवर एक पाऊल ठेवले, मग दुसरे त्याच्याच शेजारी. लाउरेआनोने भोंगा वाजवला. सातुर्निनोने त्या आवाजाने वर पाहिले. त्याने आधी तिला पाहिले, मग भोंगा वाजवणाऱ्याला, मग पुढच्या रस्त्याकडे, जिथे काहीच दिसत नव्हते. बेचाळीस वर्षे गाड्यांची अंतरे मोजणाऱ्या माणसाला आणखी काही सांगावे लागत नाही. तो स्टुलावरून उठला, आणि तोही सावकाश उठला. दांडी धरून तो पायरीसमोर उभा राहिला, दार अडवून.

"सांभाळून, कोमाद्रे. पायरी ओली आहे. हा पाय नको, तो. अगं, तो नाही, आधीचाच बरा होता."

"म्हाताऱ्या, सर की," कंडक्टर म्हणाला.

"सरतो. तू म्हातारा झालास की तुलाही असंच सरता येईल."

मागच्या उतारूंत कोणीतरी हसले. ग्रिमानेसाने तिसऱ्या पायरीवर श्वास घेतला. तो खोटा नव्हता; तिला खरोखरच श्वास हवा होता. मग तिचा पाय जमिनीला लागला, अकरा वर्षांनी, त्या वळणाच्या पलीकडच्या जमिनीला.

"आता किती?" लाउरेआनो आतून ओरडला.

सातुर्निनोने घड्याळ डोळ्यांजवळ नेले, झटकले, पुन्हा पाहिले. तो आयुष्यात खोटे बोलला नव्हता, आजही बोलला नाही.

"पाच."

"गेला घास," लाउरेआनो म्हणाला. त्याची पाठ पुन्हा वाकली. रुमाल मांडीवर आला. "मावशी, तुमच्या गुडघ्यांना मेणबत्ती लावतो मी रविवारी." बासष्ट क्रमांक डुलत डुलत निघाला आणि त्याच्या काचेआडची ती कोंबडी शेवटपर्यंत मागे पाहत राहिली.

सातुर्निनोने स्टूल तिच्याकडे सरकवले. स्वतः तो माशांच्या पालथ्या पेटीवर बसला.

"त्या क्रूसाला रंग तू दिलास?" तिने विचारले.

"दर वर्षी देतो. निळा स्वस्त पडतो."

ती पुढे बंदराच्या दिशेने पाहत होती. समुद्र दिसत नव्हता, पण धुक्याच्या आत काहीतरी मोठे, मंद, पुन्हा पुन्हा कूस बदलत होते. बेतोची गाडी आज भरली नव्हती. संध्याकाळी मालक किल्ली मागेल, आणि बेतो ती देईल, आणि पिवळ्या पायऱ्या चढून घरी येईल. पायऱ्या चढून घरी येईल, हे शब्द तिने मनात दोनदा म्हटले.

"तुझा कोपरा उघडा पडलाय," सातुर्निनो म्हणाला.

"पडू दे. फोन आहेत त्यांच्याकडं."

त्याने खिशातून रताळ्याचा पाव काढला, अर्धा मोडून तिला दिला आणि उरलेला तोंडात कोंबला. तेवढ्यात मागून दाराचे बिजागर रडत आले. ग्रिमानेसाला ते ओळखू आले: सत्तावीस. कंडक्टर धुक्यातून बाहेर लोंबला.

"मिनिट!"

सातुर्निनोचे तोंड भरलेले होते. त्याने पावाच्या हाताने तिच्याकडे खूण केली.

ग्रिमानेसाने त्याची वही ओढून घेतली, त्याच्या थरथरत्या आकड्यांवरून बोट फिरवले. अठ्ठावन्नसमोर वेळ होती, जागा कोरी नव्हती. बोट तिथे थोडे थांबले, मग एक ओळ खाली उतरले.

"बासष्ट," ती म्हणाली. "चार मिनिटं. अर्धी भरलेली. आणि ड्रायव्हर माझ्यावर चिडलेला."